खाच कानाकडे

१

शुक्रवारी सकाळी मास्तरीणबाई आल्या त्या अर्धा चेहरा रुमालाने झाकून. मोजणीच्या खोलीतली त्यांची नेहमीची खुर्ची खिडकीकडे तोंड करून असते. त्यांनी ती भिंतीकडे वळवली, बसल्या, आणि मगच रुमाल काढला.

डाव्या गालावर, डोळ्याखालून जबड्यापर्यंत, फोडांनी भरलेली एक तांबडी, ओलसर पट्टी उठली होती. मलम लावताना बोट जिथून जिथून फिरले होते, तिथून तिथून आग चालत गेली होती.

"चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या पाट्या तपासल्या," त्या म्हणाल्या. "माझीच पाटी अशी कुणी खरवडली गं?"

मी त्यांच्या गालावर थंड पाण्याचा बोळा धरला.

मी जिथे काम करते ती प्रयोगशाळा म्हणजे एका लांबट इमारतीचा तिसरा मजला. इथे वनस्पतींना एकच प्रश्न विचारला जातो: माणसाच्या कातडीवरून काळ चालत जातो, तेव्हा त्याची पावले तुम्ही किती हलकी करू शकाल? पाने, साली, मुळे, फुले, साऱ्यांचे अर्क निघतात आणि प्रत्येकाला नंबर मिळतो. बहुतेक नंबर काचेच्या नळीतच संपतात. सतरा नंबर, म्हणजे ओढ्याकाठच्या एका खुरट्या झुडपाची साल, तगला आणि बत्तीस बायकांच्या चेहऱ्यांपर्यंत पोचला. मास्तरीणबाई त्यांतल्या तेविसाव्या.

प्रत्येकीला दोन नळ्या मिळत. लाल टोपणाची डाव्या गालासाठी, पांढऱ्या टोपणाची उजव्यासाठी. एकीत अर्क घातलेले मलम, दुसरीत साधे. कोणत्या गालाला काय, हे त्या बाईला ठाऊक नसते, मला नसते आणि आमच्या संचालक साहेबांनाही नसते. ती यादी फक्त आमचे गणिती जाणतात, आणि ती लाखबंद पाकिटात असते. आशा आणि डोळे यांची फार जुनी मैत्री आहे; ती तोडण्यासाठी एवढा बंदोबस्त.

दुपारपर्यंत लाल टोपणाच्या नळीची तपासणी झाली. मलमात झाडाचा चीक निघाला. तीन वाजता साहेबांनी सगळी कपाटे उघडायला लावली. तिसऱ्या कपाटात, मागच्या रांगेत, एक तपकिरी बाटली सापडली. आत दुधासारखे पांढरे काहीतरी होते. बाटलीवरच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता, ज्या हाताने मला पहिली अक्षरे गिरवायला शिकवली त्या हाताने लिहिलेला: अर्क.

कपाट माझ्या मामाचे होते.

२

"आळ घेत नाही मी मामा," साहेब म्हणाले. "चूक म्हणतोय. वय आहे, मोतीबिंदू आहे. अर्काच्या जागी अर्क ओतला गेला. शब्द एक, बाटल्या दोन."

मामाला सारा मजला पालेमामा म्हणतो. वनस्पती ओळखणे, सुकवणे, त्यांचा अर्क काढणे हे त्याचे काम. तो ओळखत नाही असे पान, त्याच्या मते, अजून फुटलेले नाही.

"अर्क म्हणजे रुई," तो शांतपणे म्हणाला. "जुन्या पुस्तकांत तेच नाव आहे तिचं. हा रुईचा चीक आहे. तुम्ही लोक ज्याला अर्क म्हणता त्याला मी सत्त्व म्हणतो. पंचवीस वर्षांच्या वह्या उघडून बघा."

"मग हे जहाल प्रकरण कपाटात कशाला?"

"कात्री म्हणून."

हे खरे होते. त्वचेला ताठ ठेवणारे सूक्ष्म धागे वयाबरोबर तुटत जातात. कोणता अर्क ते तुटणे रोखतो हे काचेच्या नळीत पाहायचे, तर आधी धागे तोडणारे काहीतरी लागते. रुईचा चीक ते काम चोख करतो. उघड्या कातडीवरही करतो.

साहेबांचा तर्क मात्र वरून गुळगुळीत होता. दर तिसऱ्या गुरुवारी नळ्या नव्याने भरल्या जात. अर्काचे मलम टिकत नाही, म्हणून मामा सकाळी बत्तीस वाट्यांत ते ताजे कालवी. प्रत्येक बाईच्या नंबराची एक वाटी. साध्या मलमाच्या बत्तीस वाट्या गंधीदादा देत. गणिती आपल्या खोलीत दार लावून यादीप्रमाणे नळ्या भरत, आणि बारा ते दोन या वेळात त्या व्हरांड्यातल्या फळीवर ठेवलेल्या असत. बायका येत आणि आपापली जोडी घेऊन जात. काल असाच गुरुवार होता. तेविसाव्या वाटीच्या वेळी मामाच्या हाती भलतीच बाटली आली असणार, असे साहेबांचे म्हणणे.

"जाऊ द्या हो साहेब," गंधीदादा म्हणाले. सुवास आणि साधी मलमे हे त्यांचे खाते. "नावातच घोटाळा आहे, मामांचा काय दोष?" त्यांच्या आवाजात इतकी माया होती की ती मला टोचली. पण त्या दिवशी मला सगळेच टोचत होते.

संध्याकाळी मी सावलीच्या खोलीत गेले. तिथे जाळीच्या फळ्यांवर पाने सुकत असतात आणि उजेडही वाळल्यासारखा असतो. मामा एका फळीपाशी उभा होता.

"मामा, तू नाही केलंस."

"तुला काय ठाऊक?"

"तू सत्त्व म्हणतोस. तुझा घोटाळा होणारच नाही."

"तोंड म्हणतं सत्त्व. हातांचं काय सांगू?" त्याने एक पान उचलून डोळ्यांजवळ नेले, मग नाकाजवळ. "परवा जिन्याची एक पायरी जास्तीची मोजली, तोंडावर आपटणार होतो. बत्तीस वाट्या, पोरी. तेविसाव्या वेळी हातात कुठली बाटली होती, शप्पथ, आठवत नाही."

त्याने खिशातून एक कागद काढून मला दिला. राजीनामा होता, सोमवारची तारीख घातलेला. कारणाच्या जागी लिहिले होते: माझ्या हातांवरचा माझा विश्वास उडाला आहे.

दुसऱ्यांनी केलेला आरोप माणूस झटकू शकतो. मामाने तो आत घेतला होता आणि आत तो मुरत होता.

३

आमच्यासारख्या चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या समितीने शनिवारी एक बाई पाठवल्या. त्वचारोगांच्या निवृत्त डॉक्टर, बुटक्या, आणि कोटाच्या कॉलरला टाचण्यांची ओळ. जो जे बोले ते त्या चिठ्ठीवर लिहून घेत आणि ती चिठ्ठी समोरच्या खुर्चीच्या कापडी पाठीला टोचत. अर्ध्या तासात सगळ्या मजल्याने त्यांचे नाव टाचणी ठेवले. त्यांनीही ते ऐकले असावे. वाईट वाटल्यासारखे दिसले नाही.

"तू इथं बस आणि लिहायला मदत कर," त्या मला म्हणाल्या. "संशयित जवळ असलेला बरा, शोधावा लागत नाही."

"मी संशयित?"

"भाची ना तू? नळ्यांपाशी तू, बायकांपाशी तू, मामाच्या कपाटापाशीही तूच. नसशील तर मला नवल वाटेल."

पहिले आले ते गणिती. काटकोनात बसले.

"पाकीट उघडायचं नाही," त्यांनी विचारण्याआधीच सांगितले. "एक ओळ फुटली की बत्तीस बायकांचे नऊ आठवडे संशयात येतात."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर एकच माणूस संशयात राहतो."

"म्हणजे बत्तीस मोठे आणि एक लहान."

"गणितात तसंच असतं, बाई." असे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

साहेब आले आणि बसलेच नाहीत. "सतरा नंबर माझा श्वास आहे," ते म्हणाले. "तो मी कशाला कोंडेन? तो बुडाला तर काय नऊ नंबर घेऊन नाचू?"

"नऊ नंबर काय आहे?"

"विचारा गंधीला. त्याचं लेकरू."

गंधीदादा लांब बोटांचे, सावकाश बोलणारे. नऊ नंबर म्हणजे त्यांनी स्वतः शोधलेल्या पांढऱ्या फुलांचा अर्क. सहा वर्षे त्यांनी तो जोपासला, आणि चेहऱ्यांवर नेण्यासाठी निवड झाली तेव्हा केसभराने तो सतराच्या मागे पडला.

"हरलो ते हरलो," ते म्हणाले.

"राग नाही आला? नाकावर माशी न बसू देणारी माणसं असतात."

"माझ्या नाकावर खुशाल बसते. माशा हाकलत बसलो तर वास कोण घेणार?"

टाचणीही हसल्या. "चाचणीतल्या बायकांशी तुमचा संबंध किती?"

"शून्य. माझी खोली जिन्यापलीकडे. वासाच्या माणसानं मोजणीत लुडबुडू नये असा नियम आहे. त्यांतली एकही बाई मी पाहिलेली नाही."

"मास्तरीणबाईसुद्धा?"

"नाही. पण वाईट वाटतं हो. डाव्या डोळ्याच्या कडेला तीन रेघा, त्यातली मधली पुसत आली होती म्हणे. सतरा नंबरनं एवढी किमया केली, आणि त्याच बाजूची अशी राख व्हावी."

टाचणींनी हे सगळे लिहून घेतले. चिठ्ठी टोचताना टाचणी किंचित वाकडी गेली. त्यांनी ती काढून पुन्हा सरळ टोचली.

मग माझी पाळी आली.

"सुरकुत्या मोजतेस कशा?"

मी खण उघडून दाखवला. डोळ्याच्या बाहेरच्या कडेवर मऊ रबरासारखा लगदा ठेवायचा, चार मिनिटांनी उचलायचा. त्वचेचा हुबेहूब साचा मिळतो. प्रत्येक डोळ्याचा एक साचा चाचणीच्या सुरुवातीला, एक आठव्या आठवड्यात. जे चेहऱ्यावर खोल असते ते साच्यात उंच होते. सुरकुतीची दरी तिथे डोंगररांग असते. साच्याच्या वरच्या कडेला बाईचा नंबर टाकते, डावे-उजवे लिहीत नाही. फक्त कानाकडच्या कडेला नखाएवढी खाच पाडते.

"किल्ली?"

"खिळ्याला असते. माझ्या टेबलामागे."

"खण कधी कुणी हाताळलेला वाटला?"

"नाही," मी म्हणाले.

हे खोटे होते. साचे मी नेहमी पालथे ठेवते, ठशाची बाजू खाली. दहा दिवसांपूर्वी तेवीस नंबरचे साचे उताणे दिसले होते. आपणच धांदरटपणा केला असेल, असे म्हणून मी ते पालथे करून ठेवले होते. आज ते सांगितले असते तर किल्ली माझी, खण माझा, मामा माझा. भीती ही फार व्यवस्थित बाई आहे. ती प्रत्येक गोष्ट आपल्याच खणात ठेवते.

टाचणींनी माझी चिठ्ठी टोचली नाही. हातातच धरून ठेवली.

४

रविवारी त्या मला घेऊन मास्तरीणबाईंकडे गेल्या. दोन खोल्यांचे घर होते. भिंतीवरचा आरसा उलटा करून ठेवला होता.

"राग आरशावर नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तो रोज एकच प्रश्न विचारतो, मला कंटाळा आला. बसा. चहा मीच करते, गाल भाजलाय, हात नाहीत भाजले."

टाचणींनी त्यांना खिडकीपाशी उभे केले आणि भिंग धरले. भाजल्याची जागा डोळ्याखाली सुरू होत होती; बाहेरची कड शाबूत होती.

"हसा बघू."

"कशावर?"

"माझ्यावर हसा. सगळे हसतात."

त्या हसल्या. डाव्या डोळ्याच्या कडेला तीन रेघा उमटल्या, तिन्ही ठसठशीत. उजवीकडे दोन. त्यांच्यामध्ये, जिथे तिसरी असायला हवी, तिथे जेमतेम एक सावली.

"मधली गेली खरी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "उजवीकडची. माझ्या धाकट्या बहिणीला आधी दिसलं. म्हणाली, आक्का, एका बाजूनं तू माझ्याहून लहान झालीस. त्या बाजूला बसून दिवसभर भांडली माझ्याशी."

मी खाली पाहिले. टाचणी माझ्याकडे पाहत होत्या.

जिना उतरताना त्यांनी विचारले, "तुझ्या साच्यांत मधली रेघ कुठल्या बाजूची पुसट होती?"

"उजव्या."

"खात्री?"

"माझा रोजचा धंदा आहे तो."

"मग खोटं का बोललीस काल?"

मी कठड्याला धरून थांबले. उताण्या साच्यांची हकिगत तिथेच, अर्ध्या जिन्यात, सांगून टाकली. त्यांनी ऐकून घेतले, रागावल्या नाहीत. आणखी एकच विचारले. "खाचेची खूण कुणाला सांगितली होतीस?"

मी आठवू लागले. आणि आठवले तेव्हा पायाखालची पायरी एक जास्तीची निघावी तसे झाले.

"उद्या पाकीट उघडायचं," त्या म्हणाल्या.

५

सोमवारी मोजणीच्या खोलीत सगळे जमले. मामाने राजीनाम्याचा कागद टेबलावर आणून ठेवला होता आणि तो उडू नये म्हणून त्यावर आपला चष्मा. चष्म्याशिवाय तो समोरच्या भिंतीकडे बघत होता, जणू तिथे कुणी येणार आहे.

"एकच ओळ," टाचणी गणितींना म्हणाल्या. "तेविसावी."

"याची जबाबदारी..."

"माझी. फोडा."

लाख तडकली. गणितींनी कागदावर पट्टी ठेवून बाकीच्या ओळी झाकल्या, आणि बराच वेळ ते त्या एकाच ओळीकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा नेहमीसारखा कोरडा नव्हता.

"तेवीस," ते म्हणाले. "अर्क उजवीकडे, पांढरं टोपण. डावीकडे, लाल टोपण..." त्यांनी मामाकडे पाहिले. "साधं."



"म्हणजे?" मामाने विचारले.

"म्हणजे जी नळी भाजली तिच्यात तुमच्या वाटीतलं काहीच नव्हतं मामा," टाचणी म्हणाल्या. "तुम्ही चुकला असता तर उजवा गाल जळला असता."

मामाने चष्मा उचलला, पण डोळ्यांवर लावला नाही. राजीनाम्याचा कागद पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरून घसरला. कुणी उचलला नाही. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या. साधे मलम एकाच माणसाच्या खात्यातून येत होते.

गंधीदादा उठून उभे राहिले. "वा! मी माझ्याच साध्या मलमात चीक कालवीन? जिथून संशय थेट माझ्यावर येईल तिथं? इतका मूर्ख दिसतो मी?"

"नाही," टाचणी म्हणाल्या. "मूर्ख मुळीच नाही. तुम्हाला कुणीतरी अर्धंच सांगितलं होतं."

६

त्यांनी कॉलरच्या टाचण्या चाचपल्या, पण काढली एकही नाही.

"ज्यानं हे केलं त्याला साधं मलम नासवायचं नव्हतं. त्याला सतरा नंबर नासवायचा होता, आणि लाल नळीतच सतरा नंबर आहे अशी त्याची समजूत होती. आता बघा. गणितींना यादी पाठ, त्यांनी नेम धरला असता तर उजवा धरला असता. ही मुलगी दर गुरुवारी त्या बाईंचा चेहरा बघते; हिनंही उजवाच धरला असता. साहेबांना सतरा बुडवायचाच नाही. उरला असा माणूस, ज्यानं चेहरा पाहिला नाही, साचे पाहिले."

त्यांनी खणातून तेवीस नंबरचे आठव्या आठवड्यातले दोन साचे काढून टेबलावर उताणे ठेवले.

"गंधीदादा, यातला डावा कोणता?"

"मला काय ठाऊक? मी कधी..."

"अंदाज सांगा. खाच कानाकडे असते."

त्यांची नजर क्षणभर एका साच्यावर थांबली, मग तिथून निघाली. बोट हलले नाही. पण ती नजर मी पाहिली. त्या साच्यावर डोंगराच्या दोनच रांगा होत्या.

"कुणीही हाच दाखवेल," टाचणी म्हणाल्या. "समोरच्या माणसाचा डावा कान आपल्या उजव्या हाताला येतो. खाच उजवीकडे, म्हणजे हा डावा डोळा. चेहरा असता तर बरोबर होतं. पण हा चेहरा नाही, चेहऱ्याचा साचा आहे. रबरी शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात ना? तसा साच्यात माणूस उलटा असतो. हा उजवा डोळा आहे. रोज साचे घेणारी मुलगी चुकणार नाही. चुकेल तो, ज्याला खाचेचं सांगितलं आणि उलट्याचं नाही."

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "गेल्या महिन्यात, चहा पिताना. त्यांनी विचारलं, डावं-उजवं ओळखता कसं? मी म्हणाले, खाच कानाकडे. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली."

"शनिवारी हे मला म्हणाले," टाचणींनी खुर्चीच्या पाठीवरची ती दोनदा टोचलेली चिठ्ठी काढली, "की डाव्या डोळ्याची मधली रेघ पुसत आली होती. चेहऱ्यावर डावीकडे तिन्ही रेघा ठणठणीत आहेत. ती पुसट रेघ डावीकडची आहे, असं जगात एकाच ठिकाणी वाचता येतं. या साच्यावर. तेही उलटं वाचलं तर."

"ऐकीव होतं ते!" गंधीदादा म्हणाले. "म्हणे, असं म्हणालो होतो मी."

"असेल. मग एकच काम करा." त्यांनी साचा त्यांच्यासमोर धरला. "रबर वास धरून ठेवतं, तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. याला कसला वास आहे, सांगा."

गंधीदादांनी साचा नाकाशी नेला. सगळ्या मजल्यावरचे सर्वांत तल्लख नाक. पेटीतली शंभर अत्तरे डोळे मिटून सांगणारे. त्यांच्या नाकपुड्या हलल्या आणि चेहऱ्यावर एक अशी ओळख पसरली, जी माणसाला फक्त आपल्या लेकराबद्दल होते.

"वास नाही," ते म्हणाले.

टाचणींनी साचा माझ्याकडे दिला. मला दोन दिवसांपासून सर्दी होती. तरी आला: ओल्या पेंढ्यात पिकत घातलेल्या फळासारखा, गोड आणि किंचित कुबट. साहेबांकडे गेला, गणितींकडे गेला. शेवटी मामाने घेतला. त्याने क्षणभरच हुंगला.

"नऊ नंबर," तो म्हणाला. "पांढरी फुलं. बोटांना आठ-आठ दिवस राहतो."

गंधीदादा खाली बसले. "सगळ्यांना आला," ते कुणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणाले, "आणि मी नाही म्हणालो." त्यांनी लांब बोटे टेबलावर पसरली. "तीन थेंब. व्हरांड्यात कुणी नव्हतं. थोडी लाली येईल, चाचणी थांबेल, एवढंच. चीक इतका तेज असेल असं वाटलं नाही."

"त्याच सकाळी काढला होता," मामा म्हणाला. "माझ्याकडे शिळं नसतं."

"तुम्हाला अडकवायचं नव्हतं मामा. बाटलीवर अर्क वाचलं आणि वाटलं, लोक चूकच समजतील. चुकीला कोण शिक्षा करतं?"

मामा खाली वाकला, चाचपडत राजीनाम्याचा कागद शोधला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "चुकीलाच तर करतात," तो म्हणाला. "आणि ज्याची त्यालाच करावी लागते. वाचा."

त्यांनी ती एक ओळ वाचली. नंतर वर पाहिले नाही.

७

गंधीदादा गेले, चौकशी वर समितीकडे गेली. चाचणी मोडली; सतरा नंबरला पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागेल. साहेबांनी मामाची माफी मागितली, सर्वांसमोर, आणि मामाने डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख घेतली. तपकिरी बाटलीवर आता नवी चिठ्ठी आहे, मोठ्या अक्षरांत: रुईचा चीक. तोंडापासून दूर.

महिन्याभराने मास्तरीणबाई आल्या. खुर्ची त्यांनी खिडकीकडेच राहू दिली. फोड गेले होते. गालावर बोटाच्या रुंदीची एक उंचवट्याची वाट उरली होती.

"याचाही साचा घे," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"सगळ्या रेघा तुझ्या खणात आहेत. हीच एक बाहेर का?"

मी लगदा लावला, चार मिनिटे मोजली, उचलला. कानाच्या कडेला खाच पाडली आणि, या वेळी, मागे शाईने लिहिलेही: डावा.

त्या गेल्यावर मी तो सावलीच्या खोलीत नेला. मामाचे डोळे अजून धूसर होते. त्याने साचा उताणा केला आणि अंगठ्याने वाचू लागला. गालावर जे उंच होते ते तिथे खोल होते. त्याचा अंगठा त्या चरातून हळूहळू गेला, टोकापर्यंत, आणि परत आला.

"हे माझ्या हातचं नाही," तो म्हणाला.

"नाहीच मुळी."

त्याने मान हलवली. अंगठा मात्र काढला नाही. तो तसाच कडेपर्यंत सरकत गेला आणि नखाएवढ्या जागेत अडकून थांबला.

"बाटली माझी होती," तो म्हणाला. "आणि ही खाच तुझी."

मग त्याने साचा माझ्या हातात दिला, पालथा.